मडगावहून हंपी, बदामी आणि विजापूर: सहा दिवसांची रेल्वे सहल, टप्प्याटप्प्याने

पणजीत मांडवीच्या काठावरच्या जुन्या सचिवालयाला आजही आदिलशहाचा राजवाडा म्हणतात. तो आदिलशहा विजापूरचा. त्याच्याआधी, चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १४७२ साली बहमनी वजीर महमूद गवान येईपर्यंत, गोव्यावर जवळजवळ शंभर वर्षे विजयनगरची, म्हणजे आजच्या हंपीची, सत्ता होती. त्याहून मागे गेलो तर बदामीचे चालुक्य भेटतात. ऐहोळेच्या शिलालेखात चालुक्यांनी जिंकलेल्या ज्या रेवतीद्वीपाचा उल्लेख आहे ते म्हणजे तेरेखोलच्या पलीकडचे आपले रेडी, असे अभ्यासक मानतात. आपल्या भूमीवर राज्य केलेल्या या तिन्ही राजधान्या मडगावहून रेल्वेने गाठता येतात. तरीही गोव्यातली बहुतेक मंडळी हंपी तेवढी पाहतात, तीही शनिवार-रविवार गाडी दामटून, आणि दमून परततात.

पुढे दिलेला आराखडा १० ते १२ जणांच्या गटासाठी आहे. घरची माणसे, शेजारी, निवृत्त शिक्षक, भजनी मंडळ, कुणीही असो. यापेक्षा मोठा गट नेऊ नये. पंधरावा माणूस मार्गदर्शकाचे बोलणे ऐकू शकत नाही आणि मग तो मागे राहून फोटो काढत बसतो.

आधी आराखडा

पहिला दिवस: सकाळी मडगाव, दुपारी होसपेट. दुसरा दिवस: पूर्ण हंपी. तिसरा: सकाळी विरूपाक्ष मंदिर आणि हेमकूट, मग रेल्वेने गदग, वाटेत लक्कुंडी, रात्री बदामी. चौथा: ऐहोळे, पट्टदकल, संध्याकाळी बदामीची लेणी. पाचवा: सकाळी रेल्वेने विजापूर, दुपारी इब्राहिम रौजा. सहावा: पहाटे गोलघुमट, दुपारी हुबळीकडे, रात्रीच्या गाडीने गोवा. सातव्या दिवशी सकाळी घरी. म्हणजे मुक्काम होसपेटला दोन रात्री, बदामीला दोन, विजापूरला एक आणि सहावी रात्र गाडीत.

काळाच्या क्रमाने पाहायचे तर बदामी पहिली यायला हवी. पण रेल्वेची वाट होसपेटला थेट नेते आणि बदामीसाठी गदगला गाडी बदलावी लागते. शिवाय हंपीत चालणे सर्वांत जास्त आहे, ते पाय ताजे असताना झालेले बरे. म्हणून क्रम रेल्वेचाच ठेवावा.

दिवस कमी असतील तर विजापूर गाळा आणि बदामीहून परता. तिन्ही ठिकाणे चार दिवसांत कोंबू नका. तसे केले की पट्टदकल हे नुसते बसच्या खिडकीतून पाहिल्यासारखे होते.

काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर हंपीचा ग्रॅनाइट दुपारी तव्यासारखा तापतो. पावसाळ्यात दूधसागर भरून वाहतो हे खरे, पण त्याच दिवसांत घाटात दरडी कोसळतात. जुलै २०२१ मध्ये दूधसागरजवळ दरड पडून प्रवासी गाडी रुळांवरून घसरली होती. अशा वेळी दिवसच्या दिवस मार्ग बंद राहतो आणि पुढची सगळी आरक्षणे वाया जातात.

आणखी एक, शुक्रवार. पुरातत्त्व खात्याची स्थळ-संग्रहालये शुक्रवारी बंद असतात. हंपीजवळचे कमलापूरचे, बदामीचे आणि गोलघुमटासमोरचे, तिन्ही. ज्या गावी शुक्रवार येईल तिथले संग्रहालय चुकते, तेव्हा तो शक्यतो प्रवासाच्या दिवसावर ढकला.

तिकिटे

गोव्याहून होसपेटला थेट नेणारी मुख्य गाडी म्हणजे वास्कोहून हावड्याच्या दिशेने जाणारी अमरावती एक्सप्रेस. ती सकाळी सुटते आणि मडगाव, लोंढा, हुबळी, गदग करत दुपारी होसपेटला पोचते. ती रोज धावत नाही, ठरावीक वारीच असते. म्हणून कॅलेंडर उघडण्याआधी गाडीचे वार पाहा आणि मग रजा मागा. लोक उलटे करतात आणि अडकतात.

पेडणे, बार्देश, तिसवाडीतल्या मंडळींनी एक ध्यानात ठेवावे. ही गाडी थिवी किंवा करमळीला येत नाही. ती स्टेशने कोकण रेल्वेवर आहेत. ही वाट दक्षिण-पश्चिम रेल्वेची, वास्को ते कुळे. दोन्ही मार्ग मडगावला भेटतात. पहाटे म्हापशाहून मडगावला जाणाऱ्या बसच्या भरवशावर राहू नका. दोन कुटुंबांनी मिळून गाडी करावी, किंवा आदल्या रात्री मडगावलाच राहावे.

आरक्षण ६० दिवस आधी उघडते. शोधताना नवी नावे टाका: होसपेट हे ‘होसपेटे’, विजापूर हे ‘विजयपुरा’, हुबळी हे ‘एसएसएस हुब्बळ्ळी’. जुन्या नावाने शोधून गाडीच नाही असे समजणारे बरेच असतात. कोड सोपे आहेत: मडगाव एमएओ, होसपेट एचपीटी, गदग जीडीजी, बदामी बीडीएम, विजापूर बीजेपी, हुबळी यूबीएल.

एका पीएनआरवर सहाच प्रवासी बसतात. बारा जणांचा गट असेल तर दोघांनी दोन वेगळ्या खात्यांवरून एकाच वेळी तिकिटे काढावी. सहा-सहा अशी सरसकट विभागणी मात्र करू नका. ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे, साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या स्त्रिया यांच्यासाठी. तो तिकिटावर एक किंवा दोनच जण असतील तेव्हा लागू होतो. म्हणून गुडघ्यांचा त्रास असलेल्या जोडप्याचे तिकीट स्वतंत्र काढा. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती हिशेबात धरू नका.

बोर्डिंग स्टेशन नीट निवडा. तिकीट वास्कोहून आणि चढणार मडगावला, असे केले तर वास्कोला तुम्ही दिसला नाहीत म्हणून तुमची जागा दुसऱ्याला जाऊ शकते. बोर्डिंग आधीच मडगावला बदलून घ्या. ऑनलाइन काढलेले तिकीट तक्ता लागल्यावरही पूर्ण प्रतीक्षा यादीत राहिले तर आपोआप रद्द होते. ते घेऊन गाडीत चढता येत नाही.

दिवसाच्या प्रवासाला स्लीपरच बरा. वातानुकूलित डब्याच्या काळसर काचेतून घाट दिसतो खरा, पण त्याचा ओला वास आत येत नाही. रात्रीच्या परतीला मात्र थ्री टायर एसी घ्या. सहा दिवसांनी झोप लागते.

गटप्रमुखाने एकच कागद तयार ठेवावा: सर्वांची नावे, वये, पीएनआर, डबा, बर्थ, घरचा फोन, चालू असलेली औषधे. त्याच्या दोन प्रती, एक दुसऱ्या कुणाकडे. प्रत्येकाकडे मूळ ओळखपत्र हवे.

घाट

कुळ्यापासून कॅसलरॉकपर्यंतचा ब्रागांझा घाट सुमारे २६ किलोमीटरचा आहे. चढ १ ला ३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की गाडी १ मीटर वर चढलेली असते. रेल्वेसाठी हा फार कडक चढ. म्हणूनच कुळ्याला गाडी थांबून राहते आणि मागे जादा इंजिने जोडतात. ती गाडीला मागून रेटतात, पुढचे इंजिन ओढते. जोडणीच्या वेळी एक धक्का बसतो, तेव्हा हातातला चहा सांभाळा. परतताना कॅसलरॉकला पुन्हा थांबा होतो तो ब्रेक तपासण्यासाठी. उतारावर सारी मदार ब्रेकवर असते. या थांब्यांना गाडी रखडली असे समजून खाली उतरू नका.

दूधसागरला उतरण्याची परवानगी नाही. रुळांवर जाणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. धबधबा दिसू लागला की सगळा डबा एका दारात गर्दी करतो. दारात उभे राहू नका. लगेच बोगदा येतो आणि भिंत अंगाजवळून जाते.

जेवण घरून घ्या. दही-भाताने पोट शांत राहते. पोळी-भाजीचे डबे करा, सोबत माणशी दोन लिटर पाणी. हुबळीला गाडी बराच वेळ थांबते. तिथला एक फलाट १,५०७ मीटर लांब आहे, जगातला सर्वांत लांब. तेव्हा पलीकडच्या टोकाच्या स्टॉलवर जाऊन येऊ असे म्हणणाऱ्याला अडवा.

हंपी

होसपेटहून हंपी १३ किलोमीटर. मुक्काम होसपेटला किंवा कमलापूरला करावा. ज्येष्ठ असतील तर बारा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर दोन दिवसांसाठी ठरवा. रिक्षांची वरात नको, चार रिक्षा चार दिशांना जातात आणि मार्गदर्शक एकाच रिक्षात असतो.

मार्गदर्शक कर्नाटक पर्यटन विभागाचे ओळखपत्र असलेलाच घ्या. पैसे ठरवण्याआधी चार गोष्टी बोलून घ्या: किती तास, कोणती ठिकाणे, कोणती भाषा आणि दुकानांत न्यायचे नाही. हिंदी बोलणारे सहज मिळतात. सुरुवातीलाच त्याला सांगा की आम्ही गोव्याहून आलो आहोत, घोड्यांच्या व्यापाराबद्दल आणि पोर्तुगीज प्रवाशांबद्दल सांगा. चांगल्या मार्गदर्शकाचा चेहरा एवढ्यावर उजळतो. विजयनगरच्या फौजेला लागणारे घोडे समुद्रमार्गे येत, आणि १५१० नंतर त्या व्यापाराची किल्ली गोव्यात पोर्तुगिजांच्या हाती होती. दोमिंगो पाइश हा पोर्तुगीज कृष्णदेवरायाच्या काळात इथे आला आणि शहर रोमएवढे मोठे असल्याचे लिहून गेला. फेर्नांव नुनिश त्याच्यानंतरचा, तो स्वतः घोड्यांचा व्यापारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांत आधी विठ्ठल मंदिर. ते उघडते तेव्हाच पोचा. वाहनतळापासून मंदिर सुमारे एक किलोमीटर आहे, बॅटरीवरची गाडी मिळते. दहानंतर तिच्यासाठी लांब रांग लागते, म्हणून घाई फक्त इथेच करायची. तिकीट भारतीयांना ४० रुपये, पंधरा वर्षांखालील मुलांना नाही. तेच तिकीट त्याच दिवशी कमलमहाल, हत्तीखाना आणि कमलापूरच्या संग्रहालयाला चालते. फाडून टाकू नका. हरवले तर पुढच्या ठिकाणी दुसरे काढावे लागते.

पन्नास रुपयांच्या नोटेवरचा दगडी रथ तो हाच. रथ म्हणतात तरी ते गरुडाचे देऊळ आहे, विठ्ठलासमोरचे. गाभाऱ्यात आज मूर्ती नाही. पंढरीची मूर्ती इथे आणली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत नेली, अशी वारकरी परंपरा सांगते. साखळीच्या विठ्ठलाला जाणाऱ्या माणसाचा पाय या रिकाम्या गाभाऱ्यापाशी थबकतो. गटाला इथे दहा मिनिटे गप्प बसू द्या. स्वर देणाऱ्या खांबांवर टिचकी मारायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

मग वाहनाने राजवाड्याचा भाग: हजारराम मंदिर, महानवमी डिब्बा हा उंच चौथरा, पायऱ्यांची पुष्करणी, कमलमहाल, अकरा दालनांचा हत्तीखाना. हजारराम मंदिराच्या भिंतीवर रामकथा ओळीने कोरली आहे. ती बाहेरून फेरी मारत वाचायची, मार्गदर्शकाकडून सुरुवातीचा दगड तेवढा विचारून घ्या. बारा ते तीन ऊन टाळा. जेवण, मग कमलापूरचे संग्रहालय. तिथे हंपीची मोठी प्रतिकृती आहे. ती पाहिल्यावर सकाळचा सगळा गोंधळ डोक्यात जागेवर बसतो.

साडेतीननंतर लक्ष्मी-नरसिंह आणि बडवीलिंग. नरसिंह ६.७ मीटर उंच, १५२८ सालचा, कृष्णदेवरायाचा. शेजारचे लिंग पाण्यात उभे आहे. दोन्ही अखंड शिळेतले. आजूबाजूच्या कातळांवर चौकोनी खाचांची सरळ रांग दिसेल. एकेक खाच काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. कारागीर त्यांत पाचर ठोकून दगड त्या रेषेत उभा चिरत. काही कातळांवर खाचा पाडल्या आहेत पण दगड चिरायचा राहिला आहे. १५६५ साली तालिकोटच्या लढाईत विजयनगर हरले, शहर उजाड झाले, आणि अर्धवट राहिलेली कामे तशीच आहेत. बोट लावून पाहण्यासारखी हीच जागा.

तिसऱ्या दिवशी सकाळी विरूपाक्ष मंदिर. हे जागते देवस्थान आहे, दुपारी बंद असते, म्हणून सकाळीच. गाभाऱ्यामागच्या अंधाऱ्या खोलीत भिंतीतल्या छोट्या फटीतून उजेड येतो आणि समोरच्या भिंतीवर पूर्वेच्या गोपुराची उलटी सावली पडते, शिखर खाली आणि पाया वर. मुलांना कॅमेऱ्याचे तत्त्व समजावायला इतके चांगले साधन दुसरे नाही. ऊन गोपुरावर असेल तेव्हाच सावली ठळक दिसते. माकडे पिशव्या ओढतात. प्लास्टिकची पिशवी हातात दिसली की ते खाणेच आहे असे ती समजतात. केळी आणि बाटल्या सॅकमध्ये, चेन बंद.

तिथून हेमकूट टेकडीवर अर्धा तास, उतरताना कडलेकाळू गणपती. तुंगभद्रेपलीकडे आनेगुंदीला जायचा मोह होईल. या आराखड्यात तो बसत नाही.

गदग आणि लक्कुंडी

होसपेटहून गदग सुमारे ८५ किलोमीटर, दोन-अडीच तासांपर्यंत. या पट्ट्यावर गाड्या बऱ्याच आहेत. अडचण गदगनंतर येते. बदामीकडच्या गाड्या कमी आणि कधी तीन-चार तासांच्या अंतराने. तो वेळ फलाटावर घालवू नका. गदगहून लक्कुंडी १२ किलोमीटर. काशीविश्वेश्वराचे मंदिर पाहा: दोन गाभारे समोरासमोर, एक शिवाचा आणि एक सूर्याचा. चौकटीवरचे नक्षीकाम इतके बारीक आहे की लाकूड वाटावे. कारण दगड. हंपीचा ग्रॅनाइट कठीण, तो बारीक कोरू देत नाही. लक्कुंडीचा करडा-हिरवट शिस्ट मऊ, छिन्नीखाली लोण्यासारखा कापला जातो. तिथली पायऱ्यांची विहीर आणि १००७ साली अत्तिमब्बेने बांधवलेले ब्रह्म जिनालय हे जैन मंदिर ही दोन्ही पाहावी, मगच निघावे.

गटात ज्येष्ठ असतील तर सामानासह गदगलाच गाडी ठरवून लक्कुंडी करून रस्त्याने बदामीला जावे. सुमारे सत्तर किलोमीटर. रेल्वेचाच हट्ट असेल तर बदामीला कुणीतरी घ्यायला येईल अशी सोय आधी करा. स्टेशन गावापासून पाच किलोमीटर दूर आहे आणि रात्री रिक्षा मिळेलच असे नाही.

दगडाचा एक धागा

या सहलीत ध्यानात राहायला एकच युक्ती पुरते: प्रत्येक ठिकाणी दगड पाहा. आपल्या गोव्याचा जांभा सच्छिद्र, चिरे काढायला उत्तम, कोरायला निरुपयोगी. तांबडी सुर्लाच्या महादेवाचे कोरीव देऊळ म्हणूनच काळ्या बेसाल्टचे आहे. हंपी ग्रॅनाइट, लक्कुंडी शिस्ट, बदामी तांबडा वालुकाश्म, विजापूर काळा बेसाल्ट. निघण्याआधी एखाद्या रविवारी सगळा गट तांबडी सुर्लाला जाऊन आला तर पुढची मंदिरे दुप्पट कळतात. गटातले कोण किती चालू शकते हेही त्या दिवशी समजते.

ऐहोळे, पट्टदकल, बदामी

चौथ्या दिवसाचा क्रम उजेडावर ठरवा. सकाळी साडेसातला निघून आधी ऐहोळे, मग परतीच्या वाटेवर पट्टदकल, चारपर्यंत बदामी. बदामीचा तांबडा कडा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पेटल्यासारखा दिसतो. सकाळी लेणी उरकणारे हे गमावतात.

ऐहोळेचे दुर्ग मंदिर दुर्गेचे नाही, ते दुर्गाजवळचे, तटाजवळचे म्हणून दुर्ग. मागची बाजू अर्धगोल आहे, तिच्याभोवतीच्या ओवरीतून फेरी मारा. मग टेकडीवरचे मेगुती. चढ थोडा, पण गाळू नका. ६३४ सालचा रविकीर्तीचा शिलालेख तिथल्या भिंतीत आहे. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीची ही प्रशस्ती. तिच्यात रविकीर्ती आपली तुलना कालिदास आणि भारवी यांच्याशी करतो, तीन महाराष्ट्रकांचा, म्हणजे महाराष्ट्राच्या तीन भागांचा, आणि त्यांतल्या ९९ हजार गावांचा उल्लेख करतो, आणि सुरुवातीला सांगितलेले रेवतीद्वीपही यातच आहे. मराठी माणसाने पाहायलाच हवा असा हा दगड.

पट्टदकलला मार्गदर्शक घ्या, ऐहोळेला नसला तरी चालेल. इथे नागर शिखर आणि द्राविड शिखर एकाच आवारात शेजारी आहेत: एक वळत वर जाणारे, दुसरे पायऱ्यापायऱ्यांचे. विरूपाक्ष मंदिर राणी लोकमहादेवीने बांधवले, नवरा विक्रमादित्य दुसरा कांचीच्या पल्लवांवर विजय मिळवून आला म्हणून. मल्लिकार्जुन मंदिर तिच्या सवतीचे, त्रैलोक्यमहादेवीचे. या दोघी सख्ख्या बहिणी. वेरूळचे कैलास पाहिलेल्यांना विरूपाक्षाची ठेवण ओळखीची वाटेल, त्या परंपरेचेच पुढचे पाऊल म्हणजे कैलास.

जेवण बनशंकरीला. बदामीपासून पाच किलोमीटर. अनेक देशस्थ घराण्यांची ही कुलदेवता, तेव्हा गटात कुणाची ओटी भरायची असेल तर वेळ ठेवा. मंदिराबाहेर बायका टोपल्यांत ज्वारीची रोट्टी, शेंगाची चटणी, दही, उसळ घेऊन बसतात. रोट्टी कडक हवी की मऊ ते सांगा. ‘खारा कम्मी’ म्हणजे तिखट कमी, ‘साकु’ म्हणजे पुरे. दुसरा शब्द जास्त लागतो. पौषातल्या यात्रेच्या दिवसांत मात्र इकडे खोल्या मिळत नाहीत.

बदामीत चार लेणी, पायऱ्या उंच, गुडघ्यांसाठी काठी घ्या. पहिल्या लेण्याबाहेर अठरा हातांचा नटराज. तिसरे सर्वांत मोठे, वैष्णव. शके ५००, म्हणजे इसवी सन ५७८ चा मंगलेशाचा लेख त्यात आहे. तारीख सांगणारे इतके जुने लेणे विरळा. चौथे जैन. उतरून अगस्त्य तलावाच्या काठाने भूतनाथ मंदिरापर्यंत जा. अंधार पडण्याआधी परता, वाटेत दिवे नाहीत असे धरून चला.

विजापूर

बदामीहून विजापूर रेल्वेने सुमारे १२० किलोमीटर. सकाळची गाडी घेतली की दुपारपर्यंत पोचता. जेवून चारला इब्राहिम रौजा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर आणि मशीद एकाच चौथऱ्यावर समोरासमोर. खिडक्यांच्या जाळ्या पाहा. नक्षी म्हणून जे दिसते ती अक्षरे आहेत, दगडातून आरपार कोरलेली. आत उभे राहून बाहेरच्या उजेडाकडे पाहिले तरच ती नीट वाचता येतात. याच इब्राहिमाने संगीतावरच्या आपल्या किताब-ए-नौरसमध्ये सरस्वतीला वंदन केले आहे.

सहाव्या दिवशी गोलघुमट. सूर्योदयाला दार उघडताच आत. शाळांच्या सहली नवानंतर येतात. एकदा त्या आल्या की घुमटात नुसता कल्ला होतो आणि प्रतिध्वनी ऐकूच येत नाही. सात मजल्यांचा मनोरा चढून सज्जात यायचे. जिना अरुंद आणि काळोखी. हृदयविकार असलेल्यांनी खाली थांबावे, खालूनही घुमट भव्य दिसतो. वर गेल्यावर हाका मारू नका. दोघांनी समोरासमोर, म्हणजे जवळजवळ ३८ मीटर अंतरावर, भिंतीला तोंड करून बसावे. एकाने भिंतीशी अगदी हळू बोलावे, दुसऱ्याने कान लावावा. आवाज गोल भिंतीच्या कडेने सरकत जातो आणि शेजारी बोलल्यासारखा येतो. मग एक टाळी, आणि तिचे प्रतिध्वनी मोजा. हे सगळे बारा जणांनी शांत राहून केले तरच जमते, म्हणून गटप्रमुखाने आधी खालीच समजावून सांगावे.

घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटर. मधे एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी चौकोनी खोलीवर गोल बसवला आहे. वर पाहताना त्या कमानी बोटाने शोधा.

तिथून मुलूखमैदान तोफ. एखाद्या कडाडणाऱ्या वक्त्याला आपण मुलूखमैदान तोफ म्हणतो ती ही. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, परांड्याहून विजापुरात आली, वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी जबडा उघडलेला सिंह आणि त्याच्या दातांत हत्ती. उन्हातही धातू थंड लागतो असे लोक सांगतात, हात लावून पाहा. बारा कमान जाता जाता. ती दुसऱ्या अली आदिलशहाची अर्धवट राहिलेली कबर.

प्रवेशशुल्क: पट्टदकल ४०, बदामी, ऐहोळे, गोलघुमट, इब्राहिम रौजा प्रत्येकी २५. हंपीसह माणशी १८० रुपये. क्यूआरने पैसे भरायला मोबाईलची रेंज लागते आणि ती नेमकी तिकीटघराशी जाते. सुटे पैसे ठेवा.

परतीची रात्र

विजापूरहून दुपारची गाडी धरून हुबळीला या. तिथून बेंगळुरूकडून वास्कोला येणारी रात्रीची गाडी घ्यायची. दोन गाड्यांमध्ये किमान तीन तास ठेवा. विजापूर ते गदग बऱ्याच ठिकाणी गाडी साइडिंगला थांबते, आणि तुमचे दुसरे तिकीट स्वतंत्र असल्याने चुकल्यास परतावा मिळत नाही. विजापूरची गाडी सुटण्याआधीच दीड तास उशिरा दाखवत असेल तर वाट पाहू नका, स्टँडवरून हुबळीची बस धरा. अंतर सुमारे २०० किलोमीटर.

हुबळीत जेवून घ्या. धारवाडचे पेढे स्टेशनवर मिळतात, ते घरच्यांसाठी. रात्री झोपताना गजर कुळ्याच्या वेळेचा लावा, मडगावच्या नव्हे. सावर्डे-कुडचड्याची मंडळी मडगावच्या आधी उतरतात, आणि घाट उतरून गाडी सपाटीला लागली की झोप गाढ होते. गाडी मडगावला पहाटे पोचते. पणजी-म्हापशाच्या लोकांनी उजाडेपर्यंत प्रतीक्षालयात थांबून पहिली कदंब बस घ्यावी.